सायकलमुळे गुडघे झिजतात का?

"चाळिशीनंतर सायकल नको, गुडघ्याच्या वाट्या झिजतात," हा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. सायकल चालवणाऱ्यांचे गुडघे दुखतात हे खरं, म्हणून तो पटतोही.

पण सायकलवर बरंचसं वजन सीट पेलते. धावताना बसतो तसा दणका गुडघ्याला बसत नाही. गुडघ्याच्या संधिवातातही डॉक्टर हलकी सायकल सुचवतात ते याचसाठी.

मग दुखतं का? बहुतेकदा सीटच्या उंचीमुळे. सीट खाली असेल तर गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीपाशी दुखतो; फार वर असेल तर मागच्या बाजूला. घरीच तपासा. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल अगदी खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. चालवताना चवडा ठेवला की गुडघ्याला साधारण 25 ते 35 अंशांचा बाक उरतो. बाप-लेक एकच सायकल वापरत असतील तर सीटच्या दांड्यावर दोघांच्या खुणा करून ठेवा, हे फार उपयोगी पडतं.

जांबोटी-चोर्ला रस्त्याच्या चढाला जड गिअर रेटू नका. हलका टाकून पाय भरभर फिरवा.

दुखू लागलं तर काही दिवस अंतर कमी करा, मग हळूहळू वाढवा. सूज आली किंवा गुडघा अडकू लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.