वार्धक्यातील स्थितिबोध, गतिबोध आणि तोल

डोळे मिटलेले असतानाही आपला हात कुठे आहे, गुडघा किती वाकला आहे, हे माणसाला कळते. या जाणिवेला स्थितिबोध, तर अवयव कोणत्या दिशेने व किती वेगाने हलतो आहे याच्या जाणिवेला गतिबोध म्हणतात. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या संवेदनांसाठी ‘प्रोप्रिओसेप्शन’ ही संज्ञा रूढ केली.

ही माहिती मुख्यतः स्नायूंतील चातीच्या आकाराच्या सूक्ष्म ग्राहींकडून, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रचनांकडून येते. स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरा, सांधे आणि तळपायाची त्वचा तीत भर घालतात. वय वाढते तसे या ग्राहींचे वेष्टन जाड होते, त्यांतील तंतू घटतात आणि त्यांचे संदेश मेरुरज्जूकडे नेणारे जाड, जलद तंत्रिकातंतू विरळ व मंद होतात. पायांचे तंतू सर्वांत लांब असल्याने झीज तेथे आधी दिसते. कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर टेकवला, तर हाताला स्पष्ट जाणवणारे ते कंपन अनेक वृद्धांना तेथे जेमतेम जाणवते किंवा जाणवतही नाही. मात्र मधुमेह आणि ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही हेच घडते. त्यामुळे पायांचा बधिरपणा तपासणीविना वयाच्या खात्यावर टाकणे योग्य नव्हे.

तोल राखताना मेंदू स्थितिबोधाची सांगड दृष्टी आणि अंतर्कर्णातील तोलेंद्रियाशी घालतो. एका स्रोतातील उणीव तो दुसऱ्याकडून भरून घेतो, आणि उतारवयात हा भार बहुधा डोळ्यांवर येतो. म्हणूनच उजेडात व्यवस्थित चालणारी व्यक्ती रात्री दिवा न लावता उठली किंवा तोंड धुताना डोळे मिटून वाकली, की डळमळते. पाय जुळवून उभे राहून डोळे मिटायला सांगणारी रोंबर्ग चाचणी हेच अवलंबित्व उघड करते.

तोल सावरण्याची रीतही बदलते. तरुण माणूस किंचित झोक गेल्यास घोट्यातूनच सावरतो. वृद्धांना त्यासाठी कंबर हलवावी लागते किंवा पाऊल टाकावे लागते, आणि ते पाऊल बरेचदा उशिरा पडते. शिवाय पूर्वी आपोआप होणारे चालणे आता लक्ष मागते. चालताना कोणी बोलू लागले की थबकणारे वृद्ध पुढील काही महिन्यांत पडण्याची शक्यता अधिक असते, असे स्वीडनमधील एका लहान अभ्यासात १९९७ साली आढळले. ही खूण कोणत्याही उपकरणाविना घरच्यांच्याही लक्षात येऊ शकते.

पडण्याच्या भीतीने हालचाल आवरली, की स्नायू अधिकच दुबळे होतात. उलट, तोलाला मुद्दाम आव्हान देणाऱ्या नियमित व्यायामाने घरी राहणाऱ्या वृद्धांमध्ये पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसते. नुसत्या चालण्याचा तसा लाभ सिद्ध झालेला नाही.