फ्रान्सच्या ग्रामीण भागातील वाहनमुक्त सायकलवाटा : पार्श्वभूमी

बर्गंडीतील जिव्री ते क्लुनी हा रूळ उखडून तयार केलेला ४४ किलोमीटरांचा मार्ग १९९७ मध्ये खुला झाला आणि फ्रान्समधील वाहनमुक्त सायकलप्रवासाचा इतिहास तेव्हापासून मोजण्याची पद्धत पडली. देशातील पहिला हरितमार्ग, फ्रेंचमध्ये ‘व्ह्वा व्हेर्त’, असा मान या मार्गाला दिला जातो. हा मान नावापुरता बरोबर आहे. बोर्दोच्या पूर्वेकडे द्राक्षमळ्यांमधून जाणाऱ्या जुन्या लोहमार्गावर सोवतेरपर्यंत पन्नासहून अधिक किलोमीटरांची सायकलवाट त्याआधीच झाली होती. मात्र तिची गणना साध्या सायकलपट्टीत होत असे. शब्दांतला हा फरक किरकोळ वाटतो, पण अशा वाटेवर कोणी यावे, कोणी येऊ नये आणि शेजारच्या शेतकऱ्याने आपला ट्रॅक्टर कुठून न्यावा, हे पुढे बरेचसे याच शब्दावरून ठरत गेले. म्हणून या टिपणात त्याला इतर बाबींपेक्षा जास्त जागा दिली आहे.

या वाटांची आखणी करताना सायकलचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. १६६९ च्या राजाज्ञेने नौकावहनाच्या नद्यांकाठी एका बाजूला नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी २४ फूट आणि दुसऱ्या बाजूला १० फूट जागा मोकळी ठेवण्याचे बंधन काठच्या जमीनमालकांवर घातले. तेच बंधन आज ७.८० मीटर आणि ३.२५ मीटर या विचित्र आकड्यांच्या रूपात कायद्यात टिकून आहे. इंग्लंडच्या आरमारी कोंडीला वळसा घालता यावा म्हणून नेपोलियनच्या काळात हाती घेतलेला नांत ते ब्रेस्त हा सुमारे ३६० किलोमीटरांचा कालवा १८४२ मध्ये पूर्ण झाला, पुढे गेर्लेदांच्या धरणाने तो मध्येच तोडला, आणि काठची घोडवाट मात्र उरली. १८७९ च्या सार्वजनिक बांधकाम आराखड्याने तर एकाच वर्षात दोन्ही कामे केली : कालव्यांच्या लॉकची (म्हणजे पाण्याची पातळी बदलून नावा वर-खाली नेणाऱ्या दारबंद कोठ्यांची) किमान लांबी ३८.५ मीटर ठरवून दिली आणि १८१ नवे लोहमार्ग मंजूर करून आगगाडी आडगावापर्यंत नेण्याचा संकल्प सोडला. यांतले अनेक मार्ग पहिल्यापासून तोट्यात होते. मोटारबस आल्यावर १९३० च्या दशकापासून ते एकामागून एक बंद पडले. मागे राहिली ती वाफेच्या इंजिनाला झेपेल इतक्या मंद चढाची, सहसा शंभर मीटरला तीन मीटरांहून कमी चढणारी, पूल आणि बोगद्यांसह तयार असलेली जमीन.

सायकलप्रवासी मात्र तेव्हा या जमिनीवर नव्हता. गावागावांना जोडणारे रस्ते बांधणे १८३६ च्या कायद्याने ग्रामपंचायतींना बंधनकारक झाले होते, आणि त्यातून झालेल्या छोट्या रस्त्यांच्या जाळ्यावर त्याचे उत्तम चालले होते. १८९३ पासून तो या रस्त्यांवर सायकल बाळगण्याबद्दल वर्षाला दहा फ्रँक करही भरत असे. १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, तेव्हा दोघांच्या सायकलीवर तंबू बांधून समुद्राकडे निघालेली जोडपी याच रस्त्यांनी गेली. वाहनमुक्त वाटेची मागणी जन्मायला आधी मोटारगाडी प्रत्येक घरात यावी लागली.

१९९० च्या दशकात ही मागणी शेजारच्या देशांतून फ्रान्समध्ये शिरली. स्पेनने १९९३ मध्ये बंद लोहमार्गांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, बेल्जियमच्या फ्रेंच भाषक भागाने १९९५ मध्ये, आणि अमेरिकेत हे काम त्याआधीपासून चालू होते. जिव्री-क्लुनीचे यश पाहून १५ डिसेंबर १९९८ रोजी आंतरमंत्रालयीन समितीने राष्ट्रीय आराखडा मान्य केला. या आराखड्याच्या शीर्षकातच दोन शब्द शेजारी शेजारी बसवलेले होते : ‘व्हेलोरूत’ आणि ‘व्ह्वा व्हेर्त’. सगळा गुंता या जोडीतून सुरू झाला.

व्हेलोरूत म्हणजे लांब पल्ल्याचा, सलग आणि दिशाफलक लावलेला सायकलप्रवासाचा मार्ग. तो कशावरून जातो हे त्या शब्दात कुठेच सांगितलेले नाही. त्यात वाहनमुक्त वाट असू शकते, शहरातली सायकलपट्टी असू शकते आणि कमी वर्दळीचा गावरस्ताही असू शकतो. व्ह्वा व्हेर्त म्हणजे याउलट एक विशिष्ट बांधलेली वाट, जिच्यावर मोटार येणार नाही. पण ती किती लांब आहे आणि पुढे कशाला जोडली आहे, याबद्दल तो शब्द गप्प आहे. म्हणजे पहिला शब्द सलगतेची हमी देतो आणि दुसरा शांततेची, पण दोन्ही हमी एकत्र देणारा शब्द आराखड्यात नव्हता आणि आजही नाही. पर्यटनाच्या माहितीपत्रकांनी ही उणीव आपल्या परीने भरून काढली : बाराशे किलोमीटरांच्या मार्गाच्या वर्णनाशेजारी झाडांच्या कमानीखालची, चिटपाखरू नसलेली वाट छापायची आणि वाचकाने उरलेले बाराशे किलोमीटर तसेच समजावेत अशी व्यवस्था करायची.

‘हिरवा’ या विशेषणाने त्यात भर घातली. फ्रान्समधील लोकप्रिय रस्तेनकाशांवर निसर्गरम्य रस्त्यांच्या कडेला हिरवी रेघ असते, आणि त्या रस्त्यांवर मोटारींची गर्दी असते ती रम्यतेमुळेच. पॅरिसमधील जुन्या लोहमार्गाच्या उन्नत पुलावर १९९३ मध्ये पूर्ण झालेला बगीचाही हिरवाच म्हणवला जातो, पण तिथे वर सायकल चालवता येत नाही. २००७ नंतरच्या पर्यावरणविषयक कायद्यांनी वन्यजीवांच्या वाटांनाही हिरवे नाव दिले. (मराठी वृत्तपत्रांत ‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हणजे अवयवदानाच्या रुग्णवाहिकेसाठी मोकळा केलेला रस्ता, त्यामुळे आपल्याकडे ‘हरितमार्ग’ वाचून आणखी वेगळेच चित्र उभे राहते.) गंमत अशी की हरितमार्गाचा अधिकृत वाहतूकफलक निळा आहे : चौकोनी निळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात पादचारी आणि सायकलस्वार. हिरवी अक्षरे असतात ती व्हेलोरूतच्या दिशाफलकांवर. म्हणजे हिरव्या पाटीमागे गेलेला प्रवासी ट्रकच्या रस्त्यावर पोहोचू शकतो आणि निळ्या पाटीपाशी त्याला खरी शांतता मिळते.

सप्टेंबर २००० मध्ये लील येथे झालेल्या युरोपीय जाहीरनाम्याने हरितमार्गाची व्याख्या विनामोटार प्रवासासाठी राखलेला, पर्यावरण आणि जीवनमान दोन्हींचा विचार करून विकसित केलेला मार्ग अशी केली. भाषा उदार होती, पण तिच्या आधारे दंड करता येत नव्हता. तोवर फ्रान्सच्या वाहतूक नियमावलीत अशा वाटेला स्वतःचा वर्गच नव्हता. सायकलपट्टी म्हणावे तर पादचारी आणि घोडेस्वार बेकायदा ठरत, आणि काहीच म्हणू नये तर मोटारीला अडवायला स्वतंत्र मनाई-आदेश काढावा लागे.

१६ सप्टेंबर २००४ च्या अध्यादेशाने हा प्रश्न सोडवला, पण सोडवताना दोन निर्णय घेतले आणि ते दोन्ही आजतागायत वादाचे आहेत. पहिला निर्णय असा की हरितमार्ग हा एक ‘रस्ता’ आहे. एखाद्या रस्त्याची पट्टी नसून स्वतंत्र रस्ता, विनामोटार वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेला. कायद्याच्या दृष्टीने ही मोठी बढती होती. प्रत्यक्षात मात्र जिथे हा रस्ता दुसऱ्या रस्त्याला छेदतो तिथे बहुतेक वेळा थांबण्याची पाटी हरितमार्गावरच लावली गेली, मग पलीकडून दिवसातून चार ट्रॅक्टर का जाईनात. शिवाय मोटारी आत शिरू नयेत म्हणून प्रत्येक छेदाला लाकडी अडसर आले. हे अडसर बऱ्याच ठिकाणी एकाआड एक असे बसवलेले असतात, की साधी सायकल जेमतेम वळते. मागे मुलाची गाडी जोडलेली असेल किंवा दोन्ही बाजूंना भरलेल्या पिशव्या असतील, तर उतरावे लागते, पिशव्या काढून पलीकडे ठेवाव्या लागतात, सायकल तिरपी करून उचलावी लागते आणि सगळा संसार पुन्हा बांधून निघेपर्यंत पुढचे फाटक दिसू लागलेले असते. एके काळी याच फाटकावर गाडीला हिरवा बावटा दाखवायला माणूस उभा असे आणि रस्त्यावरचे लोक थांबत. त्याचे छोटे घर बहुधा शेजारी अजून उभे असते.

दुसरा निर्णय म्हणजे पादचारी, सायकलस्वार आणि घोडेस्वार यांना एकाच फरशीवर, साधारण तीन मीटर रुंदीत, आणणे. यामागचा हेतू समावेशक होता आणि त्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही. पण पृष्ठभागाचा प्रश्न त्याने कायमचा अनिर्णित ठेवला. चाकांच्या बुटांवरून जाणाऱ्यांना आणि ओझे लादलेल्या सायकलींना डांबर हवे. घोड्यांच्या खुरांना आणि निसर्गप्रेमींना दाबून बसवलेली बारीक खडी हवी, जी आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यासारखी पहिल्या उन्हाळ्यात छान असते आणि तिसऱ्या पावसाळ्यात चरे पाडते. निर्णय जिल्ह्यागणिक झाला, त्यामुळे पृष्ठभाग जिल्ह्याच्या सीमेवर बदलतो. खडीच्या बाजूने दिले जाणारे सौंदर्याचे कारण ऐकायला बरे वाटते, पण ते अनेकदा कमी अंदाजपत्रकावरचे पांघरूण असते, असे या लेखकाचे मत आहे.

विनामोटार या शब्दाचीही पुढे झीज झाली. पॅडल मारल्यावरच साथ देणारी, २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी विजेची सायकल कायद्याने सायकलच मानली गेल्याने ती आत आली. २०१९ मध्ये विजेच्या स्कूटरींसारख्या वैयक्तिक साधनांना मुभा मिळाली. शेताला दुसरी वाट नसलेल्या शेतकऱ्याचा आणि काठावरच्या रहिवाशाचा प्रश्न स्थानिक आदेशांनी कसाबसा निभावला जात होता; २०२२ च्या दुरुस्तीने काही मोटार वाहनांना अपवाद म्हणून सोडण्याची रीतसर सोय केली. या अपवादांना गैर म्हणता येणार नाही, तरी २००४ च्या व्याख्येचा कणखरपणा त्यांनी उणा केला आहे.

दरम्यान व्हेलोरूतचा पसारा वेगाने वाढला. लुआर नदीकाठचा मार्ग दोन प्रांतांनी मिळून घडवला आणि २०१२ पर्यंत तो सलग झाला. आज तो सुमारे ९०० किलोमीटरांचा आहे आणि अटलांटिकपासून काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या युरोपीय मार्गाचा भाग आहे. त्याचे यश निर्विवाद आहे, परंतु त्याचा बराच भाग पूरसंरक्षक बांधांजवळच्या छोट्या रस्त्यांवरून जातो, जिथे मोटारीला बंदी नाही. २०१२ मध्येच ब्रिटनीतील रोस्कॉफपासून स्पेनच्या सीमेवरील आंदायपर्यंतचा अटलांटिक किनारमार्ग जाहीर झाला. त्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग वाहनमुक्त आहे, आणि सुरुवातीचा ब्रिटनीतला टप्पा जुने लोहमार्ग व वर सांगितलेल्या नांत-ब्रेस्त कालव्याची घोडवाट यांवरून जातो. सुधारित राष्ट्रीय आराखड्यात आता सुमारे २५,००० किलोमीटर मार्ग आहेत. पण हा आकडा दोन्ही शब्दांची बेरीज आहे, हे तो वाचताना लक्षात ठेवावे लागते.

जमिनीचा प्रश्न याहून शांतपणे चालू आहे. अनेक ठिकाणी बंद लोहमार्ग विकला न जाता केवळ व्यवस्थापनासाठी जिल्ह्याकडे सोपवलेला असतो. मालकी रेल्वेकडेच राहते आणि गरज पडल्यास जमीन परत मागण्याची तरतूद करारात असते. रेल्वेप्रेमी संघटना रूळ उखडण्यालाच विरोध करतात, कारण एकदा डांबर पडून त्यावर शाळेची मुले जाऊ लागली की ती तरतूद कागदावरच राहणार हे त्यांना दिसते. सायकलवाल्यांचे म्हणणे असे की वाट केली नाही तर जमीन तुकड्यांनी विकली जाईल आणि मग रेल्वेही नाही व सायकलही नाही. दुसऱ्या म्हणण्यात अधिक तथ्य आहे, कारण तुटलेल्या मार्गांवर मधल्याच भागात घरे उठलेली कोणालाही पाहता येतात.

कालव्याकाठी अडचण वेगळी आहे. काठची वाट नौकावहनासाठी राखलेली असल्याने तिच्यावर सायकलमार्ग करायचा तर जलमार्गाच्या व्यवस्थापनाशी वेगळा करार करावा लागतो, आणि खर्च उचलणारा जिल्हा तयार असावा लागतो. अटलांटिकच्या बाजूने तुलूझपर्यंत येणाऱ्या गारोन कालव्याच्या काठी हे जमले आणि तिथे सलग डांबरी वाट आहे. तुलूझहून १६८१ मध्ये पूर्ण झालेला, १९९६ पासून जागतिक वारसा असलेला मिदी कालवा भूमध्य समुद्राकडे जातो. त्याच्या काठी सुमारे पन्नास किलोमीटर डांबर मिळते आणि जिल्ह्याची हद्द येताच ते संपते. पुढे मातीची पायवाट आहे, चिनाराच्या जातीच्या उंच प्लेन वृक्षांची मुळे तिच्यावर आडवी आली आहेत, आणि २००६ पासून एका बुरशीजन्य रोगाने ही झाडे हजारोंनी तोडावी लागल्यामुळे मधल्या कित्येक भागांवर सावलीही उरलेली नाही. लॉकवाल्याच्या घरावरची पाटी मात्र पूर्वीसारखीच मागच्या आणि पुढच्या लॉकचे अंतर मीटरपर्यंत सांगते. हा पूर्वेकडचा टप्पाही नकाशावर गारोनकाठच्या डांबरी वाटेसह एकाच व्हेलोरूतचा भाग म्हणून, त्याच जाडीच्या रेघेने दाखवलेला असतो.