शेळीची कास थंड लागली तर

शेजारच्या काकूंची शेळी व्यायल्यावर चौथ्या दिवशी लंगडायला लागली. सगळे म्हणाले काटा गेला असेल, खूर उलटेपालटे करून बघितले, काही नाही. मग कासेला हात लावला तर उजवी बाजू नॉर्मल आणि डावी थंडगार, कातडी निळी-जांभळी. धार काढली तर दुधाऐवजी लालसर पाणी.

याला गावाकडे दगडी म्हणतात, कास दगडासारखी कडक होते म्हणून, डॉक्टर कासदाह म्हणतात. पण थंड पडलेली कास म्हणजे पुढची स्टेज, आणि यामागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू असतो. ऑरियस म्हणजे सोनेरी, लॅबच्या प्लेटवर त्याचे ठिपके पिवळे दिसतात म्हणून 1884 साली हे नाव पडलं (नाव तेवढं छान). हा जे विष सोडतो ते पेशींना अक्षरशः भोकं पाडतं, रक्तवाहिन्या आवळतात, आत गुठळ्या होतात, रक्त पोचतच नाही आणि तो भाग जिवंत शेळीच्या अंगावरच मरतो. आधी गरम सूज असते, ती आपल्या लक्षात येईपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

हा राहतो कुठे? कातडीवर, सडाच्या भेगांत, आणि धार काढणाऱ्याच्या हातावर. म्हंजे आपणच एका शेळीचा दुसरीला नेऊन देतो.

बाकीचे बरेच जंतू एवढा तमाशा करत नाहीत. त्याच कुळातले सौम्य भाऊबंद, त्यातल्या एकाचं नावच स्टॅफिलोकोकस काप्री आहे कारण तो शेळीच्या दुधात सापडला, हे महिनोन्महिने कासेत बसून दूध कमी करतात आणि वरून काहीच दिसत नाही. लेंड्या-मुतात बसली की ई. कोलाय. आणि मायकोप्लाझ्मा तर वेगळाच प्राणी, त्याला पेशीभित्तिकाच (पेशीभोवतीची भिंत) नाही, आणि पेनिसिलिन नेमकं भित्तिकेवरच काम करतं, त्यामुळे कितीही इंजेक्शनं द्या, उपयोग शून्य. म्हणून दूध तपासून घ्या असं डॉक्टर सांगतात, ते उगाच नाही.

तपासणीतही एक गंमत आहे. कासदाहात दुधात पेशी वाढतात, म्हणून त्या मोजतात. पण शेळीच्या दुधात पेशींचे केंद्रक नसलेले तुकडे नेहमीच येतात, मशीन डीएनए न बघता नुसते कण मोजत असेल तर निरोगी शेळीपण आजारी ठरते. त्यापेक्षा सीएमटीच्या (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, दुधात द्रावण मिसळून करायची साधी चाचणी) ट्रेमध्ये दोन्ही सडांचं दूध शेजारी-शेजारी घ्यायचं, एकच बाजू चिकट झाली की संशय घ्यायचा. दोनच सड, दोन वेगळे कप्पे, तुलना सोपी.

आणि हो, ते दूध उकळून पिऊ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, ऑरियस उकळून मरतो पण त्याने दुधात आधीच सोडलेलं उलटी-जुलाबाचं विष उकळूनही टिकू शकतं.

काकूंची शेळी वाचली. काही आठवड्यांनी ती डावी बाजू वाळून गळून पडली, आता एका सडावर एक करडू आरामात वाढतंय.