फौजीच्या घरची मदत: कलेक्टर कचेरीपासून मोबाइलपर्यंत

26 जुलै 2025 रोजी, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने श्रीनगरमध्ये ‘वीर परिवार सहाय्यता योजना’ सुरू केली. जवान सीमेवर असताना गावाकडे बांधाचा किंवा वाटणीचा दावा उभा राहिला, तर घरच्यांना मोफत कायदेशीर मदत मिळावी आणि ती सैनिक मंडळाच्या, म्हणजे फौजी कुटुंबांची कामं बघणाऱ्या सरकारी, कार्यालयातच मिळावी, अशी ही योजना. बातम्यांतून ती अगदी नवी कल्पना असल्यासारखी आली. खरं तर हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. पहिलं महायुद्ध चालू असतानाच, 1918 मध्ये इंग्रज सरकारने परदेशी लढणाऱ्या हिंदी सैनिकांच्या दिवाणी आणि महसुली दाव्यांसाठी खास कायदा केला होता. 1925 मध्ये तो सुधारून पुन्हा आणला. सैनिक हजर राहू शकत नाही असं कलेक्टरने कोर्टाला कळवलं की दावा थांबायचा, त्याच्या पाठीमागे एकतर्फी निकाल लागायचा नाही. म्हणजे पलटणीतल्या माणसाच्या घरची पहिली काळजी सातबाऱ्याची होती आणि आजही ती पहिल्या दोन-तीनांत आहे.

त्याच सुमाराला, सप्टेंबर 1919 मध्ये, ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन झालं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले 46 जण परतले नाहीत, असं तिथला स्मारकस्तंभ सांगतो. अशा गावांतल्या विधवांचं पेन्शन, जखमींचं पुनर्वसन, परतलेल्यांची पोटापाण्याची सोय ही कामं कुणीतरी बघायलाच हवी होती. यामागे इंग्रजांचा कळवळा किती आणि पुढच्या भरतीची चिंता किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी दुसरी बाजू जड वाटते. स्वातंत्र्यानंतर नावं बदलत 1975 मध्ये त्याचं ‘केंद्रीय सैनिक बोर्ड’ झालं, पण घडण तीच राहिली. दिल्लीत बोर्ड, राज्यात सैनिक कल्याण विभाग (आपला पुण्यात घोरपडीला) आणि जिल्ह्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. जिल्हाधिकारी अजूनही जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात. 1949 पासून 7 डिसेंबरला पाळला जाणारा, सैनिकांसाठी निधी गोळा करण्याचा ध्वजदिन याच साखळीतून चालतो. निधीचं उद्दिष्ट जिल्ह्याला वाटून येतं आणि ते गाठताना सरकारी कचेऱ्यांची धावपळ होते.

मुलांचं शिक्षण हा वेगळा धागा. किंग जॉर्ज शाळा 1920 च्या दशकात जालंधर आणि झेलमला निघाल्या, मग अजमेरला आणि 1945 मध्ये बेळगावला. जवान आणि सुभेदार-जमादारांच्या मुलांसाठी या शाळा होत्या. मुलांसाठी म्हणजे मुलग्यांसाठी. मुलींचा विचार त्यात नव्हता. आज त्यांना राष्ट्रीय मिलिटरी स्कूल म्हणतात. साताऱ्याचं सैनिक स्कूल 1961 चं, देशातलं पहिलं, पण त्याचा हेतू अधिकारी घडवण्याचा होता, फौजींच्या पोरांना आधार देण्याचा नव्हे. बदल्यांमुळे दर दोन-तीन वर्षांनी मुलाची भाषा, बोर्ड आणि पुस्तकं बदलायची, यावर खरा उपाय आला तो केंद्रीय विद्यालयांचा. 1963 मध्ये वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊनच त्यांची सुरुवात झाली. पुढे 1983 मध्ये लष्कराने स्वतःची शिक्षण संस्था काढली, तिच्याच आर्मी पब्लिक स्कूल.

सगळ्यात हलवून सोडणारा प्रसंग मात्र शाळेच्या फीचा आहे. 1971 च्या युद्धानंतर सरकारने संसदेत शब्द दिला, की शहीद, बेपत्ता किंवा कायमचे जायबंदी झालेल्यांच्या मुलांची फी, वसतिगृह, पुस्तकं, गणवेश असा सगळा खर्च सरकार उचलेल. 1972 पासून ती सवलत सुरू झाली आणि पुढे नंतरच्या मोहिमांतल्या जवानांच्या मुलांनाही लागू झाली. मग 2017 मध्ये वेतन आयोगाच्या शिफारशीचं निमित्त झालं आणि फी व वसतिगृह मिळून महिना 10,000 रुपयांची मर्यादा घातली गेली. एखादा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना अशी कात्री लागली तर घरचं गणित कुठे जातं, हे सांगायला नको. नौदलप्रमुख सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं, संसदेत आवाज उठला आणि मार्च 2018 मध्ये मर्यादा मागे घेतली गेली. वाचवायचे होते ते काही कोटी रुपये. संरक्षणाच्या बजेटपुढे तो आकडा बघितला की हसावं का रडावं कळत नाही.

आता ऑनलाइनचा भाग. केंद्रीय सैनिक बोर्डाची मुलांच्या शिक्षणाची मदत, मुलीच्या लग्नाचं अनुदान, 2006-07 पासूनची पंतप्रधान शिष्यवृत्ती (आता मुलींना महिना 3,000, मुलांना 2,500) हे सगळे अर्ज पोर्टलवर भरायचे असतात आणि पडताळणी जिल्हा कार्यालय करतं. नोव्हेंबर 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं, हयातीचा दाखला घरबसल्या निघू लागला. पण शेतात राबलेल्या म्हाताऱ्या बाईच्या बोटांचे ठसे यंत्र काही केल्या उचलत नाही. 2021 च्या अखेरीस चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली तेव्हा कुठे अशांची सुटका झाली.

संरक्षण पेन्शनची ‘स्पर्श’ ही प्रणाली याच सुमाराची. पूर्वी बँका, ट्रेझऱ्या आणि टपाल कचेऱ्या यांच्यात विखुरलेलं काम तिने एका जागी आणलं, हे चांगलंच. पण एप्रिल 2022 चं पेन्शन सुमारे 58 हजार जणांच्या खात्यावर वेळेत आलं नाही, कारण त्यांचा दाखला प्रणालीत दिसत नव्हता. आरडाओरडा झाल्यावर मंत्रालयाने एकवेळची सूट दिली आणि 4 मे रोजी पैसे सोडले. पूर्वी असं अडलं तर बँकेतला ओळखीचा कारकून दोन शब्द सांगायचा. पोर्टलवर ओळखीचं कुणी नसतं.

तरी माझ्या मते अडचण संगणकाची नाहीच, ती त्याच्या मागच्या कागदाची आहे. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद युनिटमार्फत ‘पार्ट टू ऑर्डर’ने, जवानांची सेवा-कागदपत्रं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जाते; मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं ऑफिस बेळगावला. ‘पार्ट टू पडली का?’ हा फौजी घरांतला नेहमीचा प्रश्न. ती पडली नसेल तर सरकारदरबारी बायको नाही आणि मूलही नाही. ऑर्डरमध्ये ‘सुनिता’, आधारवर ‘सुनीता’ आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव असेल, तर पोर्टल लाल अक्षरांत अर्ज परत पाठवतं. मग तालुक्याला प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, जिल्हा कार्यालयात कल्याण संघटकांकडे खेपा. नवरा हयात आणि नोकरीत असताना हे दुरुस्त होणं सोपं. तो गेल्यावर तेच काम महिनोन्‌महिने चालतं. म्हणून सुट्टीवर आलेल्या जवानाने आधी हा कागद बघावा, पार्टी नंतर.

दुसरं असं, की ही सगळी रचना मूळची निवृत्त माणसासाठी उभी राहिली. विधवा आणि मुलं तिच्यात होती, पण ती त्याच्या नावामागून. नोकरीतल्या जवानाची, गावात सासू-सासऱ्यांजवळ राहणारी बायको या चित्रात उशिराच दिसते. मुलांचा शिक्षण भत्ता जवान आपल्या युनिटमधून मागतो. त्याच्या क्रमांकावर ओटीपी जातो, तो असतो रेंज नसलेल्या चौकीवर आणि ती इकडे स्क्रीनकडे बघत बसते.

अलीकडच्या दोन गोष्टी मात्र थेट तिच्यासाठी आणि मुलांसाठी उपयोगाच्या आहेत. 27 मे 2021 ला, कोरोनाची दुसरी लाट चालू असताना, सेनादलांची ‘सेहत ओपीडी’ सुरू झाली. लष्करी रुग्णालय (एमएच) लांब असलेल्या कुटुंबाला व्हिडिओवर डॉक्टर भेटतो. आणि डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सेनादलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा खास सेनादलांसाठी कक्ष उघडला. बाप फील्डवर असताना शाळेत गप्प गप्प झालेलं पोर, रात्री झोप न लागणारी आई, अशांनी बोलावं म्हणून. ‘टेली मानस’चा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं आणि त्यासाठी पार्ट टू ऑर्डर लागत नाही.