क्वांटम मेमरी : साठवण की नुसता उशीर?

क्वांटम मेमरीची, म्हणजे फोटॉनची (प्रकाशकणाची) क्वांटम अवस्था न बिघडवता साठवणाऱ्या साधनाची गरज 1998 च्या क्वांटम रिपीटर (लांब अंतरावर क्वांटम दुवा टप्प्याटप्प्याने जोडणारे साधन) प्रस्तावापासूनच कागदावर होती. 2001 मध्ये अणूंचे पुंजके आणि साधे बीम-स्प्लिटर (प्रकाश दोन वाटांत विभागणारे आरसे) वापरून ती भागवण्याचा आराखडा आला, आणि त्याच वर्षी रुबिडियमच्या वाफेत प्रकाश थांबवूनही दाखवला गेला. तो इतिहास सर्वपरिचित आहे. ही साठवण की नुसता उशीर, हा वाद पेटला तो पुढे, दुर्मिळ मृदा आयन (प्रॅसिओडिमियम, युरोपियम यांसारख्या धातूंचे) मिसळलेल्या स्फटिकांवरून.

स्फटिक तीनेक केल्विनपर्यंत थंड करायचा, नको त्या वारंवारतेचे आयन लेझरने दुसऱ्या पातळीवर सरकवून ठेवायचे. शोषणाच्या आलेखात फणीचे दात उरतात. फोटॉन सगळ्या दातांत मिळून शोषला जातो. दातांची लय लगेच फिसकटते, पण दातांमधल्या अंतराच्या व्यस्ताइतक्या वेळाने पुन्हा जुळते आणि फोटॉन प्रतिध्वनीसारखा बाहेर पडतो. अंतर 5 मेगाहर्ट्झ, तर थांबा 200 नॅनोसेकंद. लेझर डगमगला किंवा क्रायोस्टॅटच्या (थंड करणाऱ्या यंत्राच्या) पंपाने स्फटिक हादरला की दात जाड होतात आणि प्रतिध्वनी विरतो. सरळ पुढे येणाऱ्या प्रतिध्वनीची कार्यक्षमता 54 टक्क्यांपलीकडे जात नाही, कारण निघालेला प्रकाश वाटेतच पुन्हा शोषला जातो.

2011 मध्ये अशा स्फटिकांत एन्टँगल्ड (क्वांटम दुव्याने एकमेकांशी जोडलेले) फोटॉन साठवले गेले. एका प्रयोगात थांबा होता 7 नॅनोसेकंद. तेवढा उशीर दीड मीटर फायबरही करतो! शिवाय हा थांबा फणी कोरतानाच ठरून जातो, मग याला मेमरी म्हणायचे कशाला, असा आक्षेप आला. तो निम्माच खरा. 2014 मध्ये 26 वारंवारतांचे, एकेका फोटॉनाइतके मंद लेझर स्पंद एकाच स्फटिकात एकदम ठेवून, ठरल्या वेळी बाहेर आल्यावर हवा तो निवडून दाखवण्यात आला. निवड वारंवारतेत करता येत असेल, तर वेळ आपल्या हातात नसली तरी चालते. थांब्याचा तोकडेपणा मात्र नडतोच : 100 किलोमीटरवरून दुवा 'जमला' हा निरोप यायलाच 500 मायक्रोसेकंद लागतात.

इथेच आकड्यांची सर्रास सरमिसळ होते. 2015 चे 'सहा तास' युरोपियमच्या अणुकेंद्रीय स्पिनच्या सुसंगतीचे, म्हणजे त्याची क्वांटम लय टिकण्याचे होते. त्यात प्रकाश साठवलेलाच नव्हता. 2021 चा 'एक तास' प्रकाशाचा खरा, पण साध्या लेझर स्पंदांचा, एकेकट्या फोटॉनचा नव्हे.

फोटॉन पुरवणाऱ्या स्रोतांची अडचण वेगळी. अरेषीय स्फटिकातून (लेझरच्या एका फोटॉनाचे दोन करणाऱ्या) निघणाऱ्या जोड-फोटॉनांचा पट्टा शेकडो गिगाहर्ट्झ रुंद, तर प्रॅसिओडिमियमच्या मेमरीची खिडकी जेमतेम चार मेगाहर्ट्झची. म्हणून स्रोताचा स्फटिक आरशांच्या पोकळीत बसवून पट्टा अरुंद केला जातो : जोडीतला एक फोटॉन 606 नॅनोमीटरचा, मेमरीसाठी, दुसरा 1436 चा, फायबरसाठी. स्रोताला चालवणाऱ्या लेझरची शक्ती वाढवली की जोड्या वाढतात, पण एकाच वेळी दोन-दोन जोड्याही निघू लागतात आणि एन्टँगलमेंट बिघडते.

2021 मध्ये याच जोडणीने दहा मीटरवरच्या दोन स्फटिकांत एन्टँगलमेंट साधली. थांबा कमाल 25 मायक्रोसेकंद, फायबरच्या हिशेबात पाच किलोमीटर, आणि तोही आधीच ठरलेला.