‘डोंबल’मधला ‘नाही’ गेला कुठे?

विंबल्डन सुरू झालं की तो फॉरवर्ड येतोच. टेनिसमध्ये शून्याला ‘लव्ह’ का म्हणतात? तर फ्रेंचमध्ये ‘लफ्’ म्हणजे अंडं, आणि अंडं शून्यासारखं दिसतं! ऐकायला झकास. फक्त फ्रेंच पंच स्वतः ‘कँझ-झेरो’, म्हणजे ‘पंधरा-शून्य’ पुकारतात, अंड्याचं नाव काढत नाहीत. कोशकारांचा कल साध्या गोष्टीकडे आहे : इंग्रजीत ‘प्लेइंग फॉर लव्ह’ म्हणजे पैसे न लावता खेळणं. खिशात काही येणार नाही, म्हणून लव्ह. अंड्याचा मान खरा क्रिकेटचा. ‘डक’ हे ‘डक्स एग’चं, म्हणजे बदकाच्या अंड्याचं तोकडं रूप. आपण त्याच आकाराला भोपळा म्हणतो.

आकारावरून पडलेली नावं समजायला सोपी. माझा जीव अडकलाय तो या दोन वाक्यांत :

‘मला काडीचं कळलं नाही.’
‘मला डोंबल कळलं.’

अर्थ एकच. पण दुसऱ्या वाक्यात ‘नाही’ आहे कुठे?

नकार ठासून सांगायचा तर माणूस क्षुल्लकातली क्षुल्लक वस्तू शोधतो. काडी, तीळ, फुटकी कवडी. एवढंसुद्धा नाही, म्हणजे काहीच नाही. लॅटिनमधला ‘निहिल’ असाच : ‘ने’ म्हणजे न आणि ‘हिलुम’ म्हणजे कणभर वस्तू. (उद्या कोणी ‘निहिल’ आपल्या ‘निखिल’वरून आला म्हणून सांगेल. निखिल म्हणजे सगळं, हे फॉरवर्ड करण्याआधी आठवावं. ‘झीरो’ मात्र खरोखर आपल्या शून्याचा वंशज. अरबांनी त्याचं भाषांतर ‘सिफ्र’ केलं, तिथून तो युरोपात गेला.)

आता फ्रेंच बघा. नकारासाठी मूळ शब्द होता नुसता ‘न’, आपल्यासारखाच. तो उच्चारात दुबळा, म्हणून मदतीला शब्द आले. चालण्याच्या क्रियापदाबरोबर ‘पा’, म्हणजे पाऊल : एक पाऊलही चालत नाही. खाण्याबरोबर ‘मी’, म्हणजे तुकडा. पिण्याबरोबर ‘गूत’, म्हणजे थेंब. पुढे ‘पा’ने बाकीच्यांना मागे टाकलं, तो कुठल्याही क्रियापदाशेजारी बसू लागला आणि त्यातलं पाऊल विसरलं गेलं. आज बोलताना फ्रेंच माणूस तो मूळचा ‘न’च गाळतो, ‘ज से पा’ म्हणजे ‘मला माहीत नाही’. मदतनीसच मालक झाला. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी 1897 मध्ये याला ‘संसर्ग’ म्हटलं : नकाराच्या सहवासात राहून साधा शब्द नकारार्थी होतो. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1917 मध्ये हे चक्र अनेक भाषांत दाखवलं. म्हणून ते ‘येस्पर्सनचक्र’. ‘काही नाही’ अशा अर्थाचा फ्रेंच ‘रियँ’ मूळचा ‘वस्तू’, स्पॅनिश ‘नादा’ मूळचा ‘जन्मलेली’. संसर्ग दोघांनाही झाला.

इंग्रजी बोलीत हा रोग अर्ध्यावर आहे. ‘आय डोंट नो स्क्वॉट’ आणि ‘आय नो स्क्वॉट’, दोन्हींचा अर्थ ‘मला काही माहीत नाही’.

मराठीत एक घरगुती चाचणी करता येते. ‘काय मिळालं?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्या. ‘डोंबल!’ चालतं. ‘कप्पाळ!’, ‘ठेंगा!’, मुंबईत ‘घंटा!’ सगळं चालतं. ‘काडी!’ म्हणाल तर समोरचा विचारेल, कसली? म्हणजे काडीला अजून ‘नाही’चा आधार लागतो. पण डोंबल-कपाळ मंडळी फ्रेंच रस्त्याने आलेली नाहीत, हेही सांगायला हवं. ती क्षुल्लक वस्तू नव्हेत, ती चिडून केलेली थट्टा आहे. ‘कप्पाळ कळलं!’ हे होकारार्थी वाक्य सुरातूनच उलटतं, आणि ठेंग्यात तर अंगठाच दाखवायचा असतो.

खरा अधलामधला नमुना म्हणजे ‘शष्प’. ‘शष्प कळलं नाही’ म्हणणारे आहेत आणि नुसतं ‘शष्प कळलं’ म्हणणारेही. संस्कृतात शष्प म्हणजे कोवळं गवत. मराठीत तो शब्द वडीलधाऱ्यांसमोर बोलताना जीभ का अडखळते, हे ज्याचं त्याने शब्दकोशात पाहावं.