घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला, की घरोघरच्या गाद्या गच्चीवर जातात आणि कोण किती घोरतं हे अख्ख्या गल्लीला कळतं. "आबा भलता घोरतस," म्हणत नातवंडं हसतात. घोरतो तो गाढ झोपतो, असा आपला पिढीजात समज. तुम्ही अशा रात्री जागे असाल तर मधल्या शांततेकडे कान द्या. घोरणं चढत जातं, एकाएकी बंद पडतं. छाती-पोट हलत राहतं, पण नाकातोंडातून हवा जात नाही. मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज काढून माणूस पुन्हा श्वास ओढतो.

हा स्लीप ॲप्निया. जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी धरतात, झोपेत ते सैल पडतात. मान जाड, टॉन्सिल मोठे किंवा जबडा लहान असेल, तर जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकून ती वाट मिटते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, वाट उघडते. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. त्यामुळे या आजाराची पहिली खबर बहुतेकदा शेजारी झोपणारं माणूसच देतं.

आबांना स्वतःला जाणवतं ते एवढंच: सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, जेवण झालं की पेंग. गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल तर हा संशय जरूर घ्यावा. बायकांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यावर, थकवा आणि तुटक झोपच जास्त दिसते, आणि घरचे तो कामाचा शीण समजतात. रावेर-सावद्याची केळी भरून रात्रभर गाडी हाकणाऱ्याला मात्र एक डुलकीही महागात पडते.

डॉक्टरकडे जाताना मोबाइलवर झोपेचा व्हिडिओ काढून न्या. पाच मिनिटांचा पुरतो. नुसत्या व्हिडिओवर निदान होत नाही, त्यासाठी रात्रभराची झोपेची तपासणी लागते. काही रुग्णांची ती लहान यंत्र लावून घरीच होते. किमान १० सेकंद श्वास थांबला किंवा खूप उथळ झाला, तर तो एक झटका धरतात. तासाला ५ ते १५ झटके म्हणजे सौम्य, ३० किंवा जास्त म्हणजे तीव्र.

उपचारात वजन उतरवणं, कुशीवर झोपणं आणि रात्रीची दारू बंद करणं आलंच. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका; काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो. मुलांमध्ये बहुधा टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) काढून भागतं. मोठ्यांच्या मध्यम-तीव्र आजारावर मुख्य इलाज सीपॅप यंत्र. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. मास्कमधून येणाऱ्या हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. आपल्याकडे वीज जाते, म्हणून यंत्र इन्व्हर्टरला जोडलेलं बरं. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत नाक सुकतं, तेव्हा यंत्राला हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी लावून घ्या. पहिले काही दिवस मास्क नकोसा होतो. तो नीट बसत नसेल तर बदलून मागा, यंत्र माळ्यावर टाकू नका. आबा "रोज लावतो" म्हणतात खरे, पण किती तास लावलं ते बहुतेक यंत्रांत नोंदलेलं असतं, आणि डॉक्टर तेच आधी बघतात.